कौलारू घर, मागे कुळागर: माळ्यावर उदमांजर, छपरावर माकडे, परसात रानडुकरे. सुरुवात कुठून करावी?

सत्तरीकर_प

नमस्कार. घर गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या आत, रानाला लागून. चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, आत फळ्यांचा माळा. मागे अर्धा एकर कुळागर: माड, पोफळी, केळी, मिरवेली, दोन जुने फणस. बाजूला परस, त्यात सुरण, कणगे, रताळी आणि यंदाची माडाची रोपे. वरच्या अंगाला काजू. कुळागर आणि परस मिळून कुंपणाची लांबी साधारण २५० मीटर भरते.

त्रास असा:

१) माळ्यावर रात्री जड पावलांचा आवाज, तुळईवर बियांनी भरलेली विष्ठा. उदमांजर असावे असा अंदाज.

२) माकडे कौले सरकवतात, फोडतात. पावसात गळती. स्वयंपाकघरातही शिरतात.

३) परस उकरलेला. सुरण गेला, माडाची रोपे बुंध्यात कुरतडलेली. डुक्कर की साळिंदर, ते कळत नाही.

४) वरच्या अंगाने गवे उतरतात. रोज नाही, पण उतरले की केळी आडवी.

सौर कुंपण करावे असे सगळे सांगतात. पण इथे हातभर मातीखाली कातळ, उन्हाळ्यात जमीन ठणठणीत कोरडी. त्यात झटका बसतो का? माकडे पकडून दूर रानात सोडता येतात का? सगळे एकदम करण्याइतके पैसे नाहीत, म्हणून क्रम सांगा.

चिरा_आणि_कौल

सुरुवात माळ्यापासून. कुंपणाचा खर्च सगळ्यात मोठा आणि घाई सगळ्यात कमी. छप्पर मात्र पावसाच्या आत व्हायला हवे.

आधी माळ्यावर कोण आहे याची खात्री करा. उदमांजर ठरलेल्या एक-दोन जागीच घाण करते, तीही तुळई किंवा भिंतीच्या माथ्यासारख्या उघड्या जागी. विष्ठेत अख्ख्या बिया असतात. भेर्ली माडाच्या, पेरूच्या, कॉफीच्या. उंदराच्या लेंड्या सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरच्या, टोकदार आणि सगळीकडे विखुरलेल्या. आवाजातही फरक असतो. उंदीर रात्रभर खुडबुडतो. उदमांजर अंधार पडल्यावर बाहेर जाते आणि उजाडायच्या आत परतते, मधल्या वेळेत माळा शांत असतो.

ये-जा कुठून होते ते शोधायला दिवसा माळ्यावर जाऊन दिवा मालवा. उजेड जिथून आत येतो ती भोके. सहसा चार जागा निघतात: भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामधली फट, कोन्याच्या (छपराच्या माथ्यावरच्या) कौलाखालचा सुटलेला चुना, न्हाणीच्या धुराड्याजवळची जागा, आणि दोन छपरे मिळतात ती पन्हळ. उदमांजराला दहा सेंटीमीटरची फट पुरते. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी फळीवर चाळलेली राख पसरा. सकाळी ज्या फळीवर पंजे उमटलेले दिसतील ते दार.

आता ते एक दार सोडून बाकी सगळे बंद. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी घेऊ नका. ती आठवड्यात फाटते आणि उंदीर सहज कुरतडतात. वेल्डमेश घ्या, अर्धा इंची घर, तार १६ गेजच्या आसपास. अर्धा इंची म्हणजे उंदरांचाही बंदोबस्त त्यातच होतो. जाळी फटीपेक्षा चारही बाजूंनी हातभर जास्त घ्या, चिऱ्यात रावळप्लग मारून पट्टी आणि स्क्रूने दाबा. नुसते खिळे चिऱ्यात पावसाळ्यानंतर ढिले पडतात. भिंतीच्या माथ्यावरची फट सिमेंटने पूर्ण लिंपू नका. माळ्याला वारा लागला पाहिजे, नाहीतर रिपा कुजतील. म्हणून तिथे जाळीच.

शेवटच्या दारावर बाहेर उघडणारी झडप टांगा. एक इंची वेल्डमेशचा तुकडा, वरच्या कडेला तारेच्या कड्यांवर लोंबकळता, भोकापेक्षा दोन्ही बाजूंनी पाच सेंटीमीटर रुंद आणि खाली पाच सेंटीमीटर लांब. आतून ढकलले की उघडते, बाहेरून ओढता येत नाही. तीन-चार रात्री तशीच राहू द्या. मग आतल्या बाजूला राख टाका, आणि दोन रात्री ठसा उमटला नाही तरच कायमचे बंद करा.

हे करण्याआधी पिल्ले आहेत का ते बघणे सगळ्यात महत्त्वाचे. दिवसा माळ्यावर चिवचिव किंवा बारीक कुरकुर ऐकू आली तर थांबा. आई बाहेर आणि पिल्ले आत राहिली तर ती कौले उचकटून शिरेल, नाहीतर पिल्ले मरून माळा महिनाभर सडेल. पिल्ले आईबरोबर हिंडू लागली की झडप लावा.

विष्ठा कोरडी झाडू नका, धूळ नाकात जाते. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, हे शिंपडून दहा मिनिटे भिजू द्या. मास्क आणि हातमोजे घालून खरवडा. वास राहिला तर जुना प्राणी नाही तरी नवा येतो.

चिरा_आणि_कौल

माकडांचे वेगळे लिहितो.

बऱ्याच छापांच्या मंगळुरी कौलांना पोटाला कान असतो आणि त्याला भोक असते. ते तारेने रिपेला बांधण्यासाठीच आहे, पण आपल्याकडे कोणी बांधत नाही. सगळे छप्पर बांधायची गरज नाही. पागोळीकडच्या तीन ओळी, कोन्याच्या दोन्ही बाजूंची एकेक ओळ, आणि ज्या भागावर झाड झुकलेले आहे तो पट्टा, एवढे पुरे. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, त्यावरून तारेचा हिशेब काढा. तार तांब्याची किंवा स्टेनलेसची घ्या. साधी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) आपल्या दमट हवेत गंजून तुटते, आणि तुटली हे कौल पडल्यावरच कळते.

कौल बांधले की माकड ते सरकवू शकत नाही, पण उडी मारून फोडू शकते. उड्या फांदीवरून पडतात. म्हणून छपरापासून निदान चार मीटरपर्यंतच्या फांद्या काढा. लाल तोंडाच्या माकडांना आणि उदमांजराला तेवढे अंतर पुरते. काळ्या तोंडाच्या वानराला मात्र साडेचार मीटरची आडवी उडी सहज जमते, आणि उंचावरून खाली तर दुपटीहून जास्त. त्यामुळे छपरापेक्षा उंच गेलेली, घराकडे कललेली फांदी छपरापासून पाच-सहा मीटर दूर असली तरी ती आधी तोडा. डिशची केबल, कपड्यांची दोरी, जुना अँटेना हेही रस्तेच. विजेच्या सर्व्हिस वायरला मात्र हात लावू नका, ते काम वीज खात्याचे.

स्वयंपाकघराच्या खिडकीला एक इंची वेल्डमेशची चौकट बसवा, बिजागरीवर, आतून कडी. डासांची नायलॉन जाळी माकड बोटाने फाडते. धान्य, केळी आणि अंडी खिडकीतून दिसता कामा नयेत. माकडे डोळ्यांनी शोधतात, नाकाने नव्हे.

गावठी_उपाय

एवढा खर्च कशाला? डुकरांना थिमेटच्या पुड्या कापडात बांधून कुंपणाला लटकवा, वासाने फिरकत नाहीत. माळ्यावर डांबरगोळ्या टाका. माकडांना कार्बाइडची पाइपवाली बंदूक वाजवा. आणि परसाला किनाऱ्यावरून जुनी मासेमारीची जाळी आणून गुंडाळा, फुकट मिळतात.

आरोग्य_सेविका

गावठी_उपाय, जाळ्यांचे बरोबर आहे, पण थोड्या बदलाने. बाकी तिन्ही नकोत.

थिमेट म्हणजे फोरेट. देशात त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. चिमूटभर पोटात गेले किंवा ओल्या हाताला लागून कातडीतून शिरले तरी माणूस अत्यवस्थ होतो: तोंडाला फेस, घाम, बाहुल्या बारीक, श्वास कोंडणे. आपल्याकडे कुंपण वरच्या अंगाला आणि विहीर खालच्या अंगाला. जूनच्या पहिल्या सरीत पुडी कुठे वाहून जाईल ते सांगायला नको. कोणाच्या घरी जुना साठा असेल तर तो पुरू नका, ओढ्यात टाकू नका. कुलपात ठेवा आणि विभागीय कृषी कार्यालयाला विचारा.

डांबरगोळ्यांच्या वाफा माळ्याच्या फळ्यांतून खाली झोपणाऱ्यांच्या नाकात येतात. लहान मुलांना, विशेषतः जी-सिक्स-पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका विकराची) जन्मजात कमतरता असलेल्यांना, त्याने रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. उदमांजर मात्र त्याच वासात झोपते.

कार्बाइडच्या बंदुकीत पाणी आणि कॅल्शियम कार्बाइड मिळून ॲसिटिलीन वायू तयार होतो. बार उडाला नाही म्हणून नळीत डोकावतात आणि तेवढ्यात उडतो. डोळा जातो. आणि आवाजामागून काही येत नाही हे टोळीला चार-आठ दिवसांत कळते, मग ती बाराला भीक घालत नाही.

जाळी वापरायची तर जमिनीपासून पंधरा सेंटीमीटर वर बांधा आणि ताणून. जमिनीवर ढीग पडलेल्या जाळ्यात धामण, नाग अडकून मरतात. जिवंत सापडला तर सोडवताना चावतो. परसाजवळची धामण उंदीर खाते, ती मेली की उंदरांचा सुकाळ.

आता जे इथे कोणी विचारले नाही ते. घर सत्तरीत आहे आणि माकडे छपरावर येतात, तेव्हा माकडताप लक्षात ठेवायलाच हवा. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे केएफडी. शेजारच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यात, तो १९५७ मध्ये प्रथम ओळखला गेला आणि सत्तरीत २०१५ मध्ये पाळीच्या बाजूला आढळला. हा रोग माकडाच्या चावण्याने होत नाही, गोचिडीने होतो. लाल तोंडाची माकडे आणि वानर दोघेही त्याने मरतात. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिड्या खाली पाचोळ्यात उतरतात आणि पुढच्या अंगाची वाट बघत बसतात. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ. म्हणजे नेमका काजू वेचण्याचा, लाकडे आणण्याचा आणि गोठ्यासाठी पाचोळा गोळा करण्याचा.

घराजवळ माकड मरून पडले तर काठीनेही हलवू नका, पुरू नका, जाळू नका. कुत्रा बांधून ठेवा. आरोग्य केंद्राला आणि वनखात्याला त्याच दिवशी कळवा. त्यांची माणसे नमुना घेतात आणि भोवतालच्या ५० मीटर परिसरात कीटकनाशक भुकटी मारतात. तोवर त्या वाटेने जाऊ नका.

काजूत जाताना पायघोळ पँट मोज्यात खोचा आणि उघड्या अंगाला डेपा तेल (गोचिड्या दूर ठेवणारे) लावा. ते आरोग्य केंद्रात विचारा. परत आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात, अंग साबणाने. काखा, जांघा, कानामागे आणि गुडघ्यामागे चाचपा. रोग पसरवणारी बाल-गोचीड तिळापेक्षा लहान असते. चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. रॉकेल, चुना, पेटती उदबत्ती काही नको, त्याने ती आत ओकते. रानात गेल्यापासून तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंग मोडून येणे असे झाले तर डॉक्टरांना "काजूत गेलो होतो, माकड मेले होते" हे आपण होऊन सांगा. खास औषध नाही, त्यामुळे लवकर ओळखणे हाच उपचाराचा निम्मा भाग.

आणि छपरावरचा पाचोळा काढताना हातमोजे घाला. घरापासून दहा-पंधरा मीटरचा पट्टा झाडून स्वच्छ ठेवा. पाचोळ्याचा ढीग गोठ्याला चिकटून नको.

झटका_तार

सौर कुंपणाबद्दल. सत्तरीकर, तुमचा प्रश्न बरोबर आहे. आपल्या भागात निम्मी कुंपणे बंद पडलेली दिसतात ती झटका देणारे मशीन बिघडल्याने नव्हे, अर्थिंगमुळे, म्हणजे मशीनची जमिनीशी जोडणी नीट नसल्यामुळे.

आधी चोर ओळखा, कारण तारेची उंची त्यावर ठरते. डुक्कर नांगरट करते: सलग उकरलेला पट्टा, माती एका बाजूला लोटलेली, खुरांच्या मागे दोन लहान ठसे. साळिंदर अरुंद, खोल खड्डा करून कंद तिथल्या तिथे खाते आणि एखादा काटा टाकून जाते. माडाचे रोप बुंध्याशी तिरपे कुरतडलेले असेल तर बहुतेक साळिंदर. मुळासकट उपटून कोंब चघळलेला असेल तर डुक्कर. तुमच्या वर्णनावरून दोघेही येतात.

डुकरासाठी तीन तारा: २०, ४५ आणि ७५ सेंटीमीटर. गव्याच्या बाजूला आणखी दोन: ११० आणि १५०. गवे उतरतात ती बाजू सुमारे ८० मीटर धरली तर मिळून ९१० मीटर तार. अडीच मिलिमीटरची हाय टेन्साइल तार किलोला साधारण २६ मीटर भरते, म्हणजे ३५ किलो. खांब दर पाच मीटरवर, एकूण पन्नास. जमीन उंचसखल असेल तर उंचवट्यावर आणि खळग्यात जास्तीचे, नाहीतर खालची तार कुठे दहावर तर कुठे चाळीसवर जाते आणि डुक्कर नेमकी ती जागा शोधते. इन्सुलेटर दोनशे घ्या. पोफळीचे खांब नकोत, दोन पावसाळ्यांत कुजतात. लोखंडी अँगल कातळात भोक पाडून बसवावा. कोपऱ्याच्या खांबाला तिरपा टेकू हवाच, ताण तिथे येतो.

मशीन प्रमाणित घ्या, आयएस (भारतीय मानक) ३०२ च्या भाग २, विभाग ७६ प्रमाणे. अशा मशीनचा झटका हजारो व्होल्टचा असला तरी सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी वेळ टिकतो आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर असते. त्या अंतरामुळेच माणूस किंवा गाय हात-पाय सोडवू शकते. स्थानिक इलेक्ट्रिशियनने जोडून दिलेल्या कॉइलमध्ये ही हमी नसते. घरची २३० व्होल्टची लाइन तारेला जोडणे तर थेट खुनाचा मामला. विद्युत कायदा २००३ चे कलम १३५ लागतेच, आणि माणूस दगावला तर सदोष मनुष्यवध.

आता कातळ. झटका बसायला वीज तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थपर्यंत परतावी लागते. कोरडा जांभा वीज नेत नाही, म्हणून मार्चनंतर तारेवर सात हजार व्होल्ट असूनही डुकराला गुदगुल्या. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करा.

पहिला, अर्थिंग ओलीत. दीड मीटरच्या तीन गॅल्वनाइज्ड सळया, एकमेकींपासून तीन मीटरवर, जाड तारेने जोडलेल्या. कुळागरात पाटाचे पाणी फिरते त्याच्या कडेला मातीची खोली मिळते, तिथे ठोका. कातळ लागलाच तर हात-दीड हात रुंद चर खणून सळी आडवी टाका आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) भरा. कोळसा-मीठही चालते, पण मीठ दर पावसाळ्यात वाहून जाते आणि सळी खाते. घराच्या वीज-अर्थपासून दहा मीटर तरी दूर राहा.

दुसरा, उन्हाळ्यासाठी जमिनीवर विसंबूच नका. ४५ ची तार काढून ३५ वर एक आणि ५० वर एक घ्या, मग २० आणि ५० वीजेच्या, ३५ ची तार अर्थला जोडलेली. डुक्कर खालून घुसताना दोन तारांना एकदम टेकते आणि वळसा तिथेच पुरा होतो. वर एक २५० मीटर तार वाढली, जवळजवळ दहा किलो. हे दोन तारांचे गणित कातळावर टाळू नका.

तपासायची पद्धत: मशीनपासून शंभर मीटर दूर लोखंडी सळ्या तारेला टेकवून जमिनीत खोचा, तारेवरचा दाब दोन हजार व्होल्टवर उतरेपर्यंत. मग मशीनच्या अर्थ सळीवर टेस्टर लावा. तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थिंग कमी, आणखी सळी वाढवा. रोजच्या वापरात तारेच्या शेवटच्या टोकाला पाच हजार तरी हवेत. तीन हजाराखाली डुक्कर निर्धास्त जाते.

डुकराची कातडी आणि केस झटका रोखतात, नाक मात्र ओले. पहिला झटका नाकाला बसला तर ते मागे फिरते. पाठीला बसला तर पुढे पळते आणि तार तोडून आत येते. म्हणून कुंपण ज्या दिवशी ताणाल त्याच दिवशी चालू करा. वीज नसलेली तार आठ दिवस राहिली की त्यांना ती वेल वाटते. खालच्या तारेवर दर दहा मीटरला ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळून तिला गूळ चोळा. हुंगायला नाक लावले की काम झाले.

पावसाळ्यात उलटी अडचण. ओल भरपूर, पण गवत आणि रानवेली तारेला टेकून वीज पितात. खालच्या तारेखालचा हातभर पट्टा दर पंधरा दिवसांनी कोयत्याने साफ. जून ते ऑगस्ट आभाळ भरलेले, म्हणून पॅनेल विक्रेता सांगेल त्याच्या दुप्पट क्षमतेचे घ्या. बॅटरी उतरली तर ती मशीनपासून पूर्ण सोडवून घरात नेऊन चार्ज करा. मशीन जोडलेले ठेवून चार्जर लावू नका. वळवाच्या विजांआधी लायटनिंग अरेस्टर (आभाळातली वीज जमिनीत सोडणारे उपकरण) बसवा, नाहीतर मे महिन्यात मशीन जळते.

वाटेच्या बाजूला पिवळ्या पाट्या लावा, आणि विजेच्या खांबांच्या तारांखालून समांतर कुंपण नेऊ नका.

सत्तरीकर_प

देव बरें करूं, इतके तपशील कुणी सांगत नाही. तीन शंका. साळिंदर या तारांखालून जाणार नाही का? गव्यांना पाच तारा पुरतात का? आणि माकडे पकडून सोडण्याचे राहिले.

झटका_तार

साळिंदर २० च्या तारेखालून जाते, काट्यांना झटका लागत नाही. सगळ्या परसाला त्याच्यासाठी कुंपण परवडणार नाही. सुरण-कणग्यांचा वाफा आणि माडाची रोपे एवढेच राखा. वाफ्याभोवती एक इंची वेल्डमेश, वर साठ सेंटीमीटर, खाली तीस पुरलेली आणि खालचे तीस बाहेरच्या बाजूला वाकवून आडवे. उकरताना जाळी लागली की ते मागे सरकून उकरायला जात नाही, तिथेच खरवडत राहते. कातळावर पुरता येत नसेल तर आडवा भाग जमिनीवर पसरून त्यावर चिरे ठेवा. रोपांना प्रत्येकी साठ सेंटीमीटर उंच जाळीचे कडे, खोडापासून वीतभर दूर.

गव्याला पाच तारा अडवतात असे नाही, वळवतात. अंगाने तो कुठलेही कुंपण मोडेल. तारेला पांढरी फीत बांधा म्हणजे अंधारात दिसेल, आणि जुनी उतरण्याची वाट पूर्ण बंद करू नका. कुंपणाच्या बाहेरून ओढ्याकडे जायला जागा ठेवा. गवा परसात सापडलाच तर त्याची निघायची बाजू मोकळी ठेवून घरातून दिवे लावा. कुत्रा सोडू नका, तो गव्याला डिवचून थेट तुमच्याकडे पळत येतो.

कोकमबी

माकडे पकडण्याबद्दल: नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये शिकारीच्या व्याख्येत पकडणे, फासे लावणे, सापळा लावणे हेही येते, आणि कलम ९ ने त्याला बंदी आहे. परवानगी कलम ११ खाली फक्त मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. गवा तर पहिल्या अनुसूचीत. छऱ्याची बंदूकही यातच मोडते. कायदा बाजूला ठेवला तरी फायदा नाही. एक टोळी हलवली की मोकळ्या जागेत शेजारची शिरते, आणि सोडलेली टोळी दुसऱ्या कुणाच्या कौलांवर जाते.

खाणे तोडा, तेच टिकते. फणस पिकू देऊ नका; भाजीचा कोवळा आणि कापायचा तयार, दोन्ही टप्प्यांत उतरवा. केळीचा घड कोन बुजले की कापून घरात पिकवा, तोवर गोणपाटात. खाली पडलेली काजूची बोंडे रोज उचला, कारण डुकरेही त्यासाठीच येतात. उष्ट्याचा खड्डा झाकणाचा करा. आणि चोरला घाटात गाड्या थांबवून केळी वाटणाऱ्या पुण्यवंतांना कुणीतरी समजवा, माणूस म्हणजे पिशवी हे माकडांना तिथेच कळते.

माडावरचा चोर नारळ पाहून ओळखा. देठाजवळ रुपयाएवढे-दोन रुपयांएवढे गोल भोक आणि कोवळा नारळ खाली: उंदीर. मोठे, ओबडधोबड भोक आणि करवंटी माडावरच लटकलेली: शेकरू. पिळून तोडून दहा दिशांना फेकलेले: माकडे. उंदरासाठी जमिनीपासून दोन मीटरवर खोडाला गुळगुळीत पत्र्याचा ४० सेंटीमीटर रुंद पट्टा. पण शेजारच्या माडाची झावळी टेकलेली असेल तर पट्टा निव्वळ शोभेचा. पाडेली नारळ उतरवायला येईल तेव्हाच झावळ्या छाटून घ्या. शेकरूवर उपाय नाही, चार नारळ त्याचे समजा.

वटवाघळांनी किंवा कुणीही चावलेले फळ धुऊनही खाऊ नका, गुरांनाही घालू नका.

सत्तरीकर_प

शेवटचे. कुंपणाला अनुदान आणि नुकसानीला भरपाई कुठे?

कोकमबी

दोन्हीसाठी आधी विभागीय कृषी कार्यालय, तुमचे वाळपईला. कृषी कार्ड नसेल तर ते पहिले काढा, त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. सामान विकत घेण्याआधी अर्ज करा, आधी बिल आणि मग अर्ज असे केले तर अडते. अनुदानाचा टक्का आणि मर्यादा बदलत असतात, चालू वर्षाची तिथेच विचारा.

भरपाईसाठी नुकसान दिसले त्याच सकाळी फोटो: एक लांबून, घर किंवा ओळखीचे झाड दिसेल असा, एक ठशांचा, शेजारी मोजपट्टी ठेवून. पंचनामा होईपर्यंत आडव्या केळी उचलू नका. लोक अंगण साफ करून मोकळे होतात आणि मग पाहणीला आलेल्या माणसाला दाखवायला काही उरत नाही. झाडे नग मोजून लिहा, "बरीच केळी" असे लिहू नका.

चिरा_आणि_कौल

क्रम विचारला होता, तर असा: या आठवड्यात उष्ट्याचा खड्डा, फांद्या आणि राखेचे ठसे. पुढे माळ्याची जाळी आणि झडप. कौले बांधायचे काम मार्च-एप्रिलमध्ये, कौले कोरडी असतात आणि पाय घसरत नाही. फुटतील त्यांच्यासाठी शंभरेक जुनी त्याच छापाची कौले आधी मिळवून ठेवा, नवी जुन्यात नीट बसत नाहीत. कुंपणाचा अर्ज आत्ताच टाका, खांब पावसाआधी रोवा. तार ऑक्टोबरमध्ये, रताळी-सुरण भरायच्या वेळेला.

झटका_तार

खांब पावसाआधी रोवायचे तर कोपऱ्याचे चार आधी करा आणि महिनाभर सोडा. कातळातले काँक्रीट पुरते आळले नाही तर तार ताणताना खांब आत कलतो, आणि मग सगळ्या तारा पुन्हा सोडाव्या लागतात.

सत्तरीकर_प

फांद्यांसाठी माणूस रविवारी येतो. राखेच्या फळ्या आज रात्री ठेवतो. ठसे उमटले की फोटो इथे टाकतो.

आरोग्य_सेविका

फांद्या तोडायला येणाऱ्यालाही मोजे आणि तेल द्या. खाली पडलेल्या फांद्या त्याच दिवशी ओढून घरापासून दूर.